सुनंदा सिस्टर आणि माझे सात बिबटे

“कुणाला विचारून बंद केल्या? डॉक्टरांना विचारलं? सिस्टरला विचारलं? का तुमच्या ओळंब्याला विचारलं?” औषधाच्या खिडकीतून मी असा ओरडत होतो, की रस्त्यावरून चाललेली कन्नडची एसटी, आपल्यालाच कुणी हात करतंय असं समजून, खरोखर थांबली. खिडकीपलीकडं दगडू मिस्त्री मान खाली घालून उभा होता. हा माणूस साधा नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या अर्ध्या भिंती त्यानं बांधल्यात आणि उरलेल्या अर्ध्या वाकड्या आहेत असं जाहीर केलंय. दोन वर्षांपूर्वी हाच दगडू आठ महिने भिंतीकडं तोंड करून पडून होता. जेवण नाही, बोलणं नाही. सुनंदा सिस्टरनं त्याला उठवून परत परांचीवर चढवला. आणि आता हे महाराज सांगत होते, “बरं वाटाया लागलं म्हणून सोडल्या गोळ्या. दीड महिना झाला. बरं असताना कशाला खायाच्या?” मी पुढचं वाक्य तोंडात जुळवतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरची मुलगी पल्लवी. “नाना, आई गेली... पहाटे. झोपेतच.”

फोन ठेवला तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. मी दगडूसाठी बांधलेली पुडी तशीच पडली होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा ओरडलो आहे, पण असा फुकट आणि असा चुकीचा कधीच नाही. का, ते पुढं येईलच.

आधी ओळख करून देतो. देवगाव रंगारीच्या बाजूला, रस्त्याला लागून आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथं मी औषधनिर्माण अधिकारी आहे. गाव मला कंपाउंडर म्हणतं. मी वीस वर्षं दुरुस्त करतोय आणि गाव वीस वर्षं ऐकत नाहीय. सुनंदा सिस्टर मानसिक आरोग्याच्या परिचारिका. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या वॉर्डात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि मग गावोगावच्या केंद्रांवर जायचं काम मागून घेतलं. मागून! आमच्याकडं बदली टाळायला लोक मंत्र्यापर्यंत जातात. ही बाई बदली मिळावी म्हणून साहेबांच्या दारात बसली. शहरातल्या गारखेड्याच्या घरून निघायचं, दोन एसट्या बदलायच्या, आठवड्यातून तीन दिवस तीन केंद्रं. आमचा वाटा मंगळवारचा. मंगळवारी गावात बाजार असतो, म्हणजे ‘कुठं निघालास’ असं विचारलं तर माणसाला ‘वांगी आणायला’ म्हणता येतं. हा दिवस त्यांनीच निवडला होता, आणि त्यामागं हाच हिशेब होता, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या मंगळवारी आम्ही हौसेनं मागच्या खोलीवर पाटी लावली, ‘मानसिक आरोग्य कक्ष’. दिवसभरात तिथं चिटपाखरू आलं नाही. माणसं फाटकापर्यंत यायची, पाटी वाचायची आणि वळायची. एकजण तर समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसला, म्हशीचा आजार सांगितला, औषध घेतलं आणि घरी गेला. त्याच्याकडं म्हैस नव्हती. सिस्टरनं संध्याकाळी पाटी उतरवली, उलटी करून तिच्यावर डबा ठेवून जेवल्या आणि म्हणाल्या, “नाना, उद्यापासून... म्हणजे पुढच्या मंगळवारपासून मी तुमच्या खिडकीशेजारी बसणार. बीपीचं मशीन द्या.”

त्यांची सगळी कला त्या मशीनच्या पट्ट्यात होती. रांगेतल्या प्रत्येकाचं बीपी त्या मोजायच्या. खोकला असो, खरूज असो, दात दुखो. दंडाला पट्टा बांधला, तो फुगायला लागला, की माणसाला उठून जाता येत नाही. तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्या हळूच विचारायच्या, “झोप कशी आहे?” बस. तुम्हाला काय होतंय, काय त्रास आहे, असलं काही नाही. झोप कशी आहे. त्या एका प्रश्नावर मी धिप्पाड माणसं ढसाढसा रडताना पाहिली आहेत. मी अर्थातच गावात पसरवून दिलं की हे मशीन खोटं बोललं की जास्त आवळतं. परिणाम असा झाला की पुढचे दोन मंगळवार निम्मे पुरुष खिशातून हात काढायला तयार नव्हते, आणि एका बाईनं नवऱ्याला मुद्दाम ओढत आणून सांगितलं, “सिस्टर, याला जरा जास्त येळ लावा.”

महिन्यातून एकदा शहरातून मानसोपचाराचे डॉक्टर यायचे, तपासून गोळ्या लिहून द्यायचे. बाकीचे मंगळवार सिस्टरचे. गोळ्या मात्र माझ्या खिडकीतून. आणि तिथं त्यांनी मला एक शिस्त लावली. बीपीची असो, साखरेची असो, रक्तवाढीची असो की मनाची, सगळ्या गोळ्या एकसारख्या खाकी पुडीत द्यायच्या. वर नाव माणसाचं, आजाराचं नाही. मी कुरकुरलो, “सिस्टर, पुड्या बांधून माझी बोटं झिजतील.” त्या म्हणाल्या, “झिजू द्या. पुडी बघून कुणाला काही कळता कामा नये.” कडूबाई नावाची एक आजी पुडी कमरेला खोचून तोऱ्यात जायची. तिला दहा वर्षांपूर्वी वारलेल्या जावेचा आवाज ऐकू यायचा, दोघी दिवसभर भांडायच्या. गोळ्या सुरू झाल्यावर मी विचारलं, आता कसं काय? तर म्हणे, “येती की अजून. पर आता भांडण मी जिंकती.”

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडं येतो. तरुणपणी सायकलवरून गौताळ्याच्या जंगलातून येताना मला सात बिबटे आडवे आले होते. ही गोष्ट मी वीस वर्षं खिडकीतून सांगत आलोय. औषध घ्यायला आलेल्या माणसाला ती ऐकल्याशिवाय पुडी मिळत नाही. खरं सांगायचं तर प्राणी एकच होता, आणि तो बिबट्या होता की चुकलेलं वासरू, याबद्दल मला आजही शंका आहे. तर एका मंगळवारी दुपारी रांग सरल्यावर सिस्टर माझ्या स्टुलाशेजारी आल्या आणि म्हणाल्या, “नाना, दिवाळीच्या आधी सात बिबटे होते. मागच्या महिन्यात तीन. आज एकच सांगितला, आणि तोही झोपलेला. हात इकडं करा.” पट्टा बांधला. फुगवला. “झोप कशी आहे?”

मी हसलो. कोटी करायला तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. तीन महिने मी दिवसा खिडकीत लोकांना हसवत होतो आणि संध्याकाळी घरी आलो की अंगणात गाडी स्टँडवर लावून तिच्यावरच बसून राहत होतो. तासभर. उतरून आत जायचं बळ नसायचं. बायकोला वाटायचं, मी फोनवर बोलतोय. कारण काही नव्हतं. घरात सगळं ठीक, नोकरी ठीक, तब्येत रेड्यासारखी. कारण नव्हतं, याचीच जास्त लाज वाटायची. सिस्टरनं ‘साखर किती टाकू’ अशा आवाजात विचारलं, “मरावंसं वाटतं का?” मी दचकलो. म्हणालो, “असं विचारतात का कुणाला? नसलं डोक्यात तरी येईल.” त्या म्हणाल्या, “विचारल्यानं नाही येत हो नाना. तुम्ही उत्तर द्या.” तेव्हा मी सांगितलं. मरावंसं नाही... पण सकाळी डोळा उघडला नसता तरी चाललं असतं, असं रोज वाटतं. त्यांनी त्यांची एसटी सोडली. माझ्याबरोबर घरी आल्या, माझ्यासमोर माझ्या बायकोला सगळं सांगितलं, तिच्या हातचं पिठलं खाल्लं आणि पुढच्या गाडीनं गेल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं, आणि मी माझ्याच हातानं, माझ्याच नावाची, खाकी पुडी बांधली.

महिन्या-दीड महिन्यात बिबटे पाचावर गेले. जेवण गोड लागायला लागलं. आणि मग या औषधनिर्माण अधिकाऱ्यानं, ज्यानं गोळी मधेच सोडणाऱ्या माणसांना शिव्या घालून अख्खं गाव बहिरं केलंय, त्यानं काय करावं? स्वतःच्या गोळ्या सोडल्या. बरं वाटत होतं ना! तीन आठवड्यांत मी परत त्या गाडीवर बसलेलो. सिस्टर ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांचा आवाज चढला की जायकवाडी धरणाचे दरवाजे आपोआप उघडायचे, याची मी स्वतः पैठणला जाऊन खात्री केलेली आहे. पण त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “चालू करा परत. डॉक्टरांशी मी बोलते. आणि नाना, ज्यांच्यावर तुम्ही रोज ओरडता ना, त्यातल्या एकाला तरी कधी सांगा, की बाबा रे, मी पण सोडल्या होत्या.”

“आणि मग माझ्या हातून औषध कोण घेईल?” मी म्हणालो. “येड्याच्या हातचं औषध म्हणतील. खिडकी बंद पडेल, सिस्टर.”

“बरं,” त्या म्हणाल्या. पुन्हा विषय काढला नाही. फक्त मी कुणावर ओरडायला लागलो, की पट्टा बांधता बांधता माझ्याकडं बघायच्या. सहा वर्षं बघत होत्या. या सहा वर्षांत माझे बिबटे सातावर स्थिर झाले. एकदा उत्साहाच्या भरात मी नऊ सांगितले, तर रांग सोडून आल्या आणि म्हणाल्या, “सात बास. नऊच्या पुढं गेले तर मला वेगळी तपासणी करावी लागेल.”

गारखेड्यात सिस्टरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. घर माणसांनी भरलं होतं आणि निम्मी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. कुणी कुणाला ‘तुम्ही ताईंचे कोण’ असं विचारलं, की समोरचा म्हणायचा, “ओळखीचा.” सगळे ओळखीचे! मीही म्हणालो, सोबत काम करायचो. खोटं नव्हतं. पण परतीच्या गाडीत ते वाक्य मला टोचत राहिलं.

तिकडं दगडू काही खिडकीवर आला नाही. एक मंगळवार, दोन मंगळवार. मी निरोप धाडला. कामावर आहे, असं उत्तर आलं. मग मी पुडी खिशात घालून त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “कामाला जातात, पर दुपारपस्तोरच. डबा हाय तसाच माघारी येतोय. नाना, परत तसंच व्हतंय का?” मी पुडी पुढं केली. तिनं हात मागं घेतला. “म्या दिलेली नाय घेणार ते. सिस्टर असत्या तर ऐकलं असतं. तुमच्या वरडण्याचा लई राग आलाय त्यास्नी.”

तिसऱ्या मंगळवारी केंद्राच्या आवारात शोकसभा झाली. सरपंच बोलले, डॉक्टर बोलले. फोटोला हार घातला. दगडू आला होता. पण फाटकाच्या आत नाही, फाटकाला टेकून उभा. अंगावर कामाचे कपडे, चेहरा उतरलेला. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्याकडं तीन भन्नाट किस्से तयार होते, म्हशीचा, मशीनचा आणि जायकवाडीचा. माणसं हसायच्या तयारीनं पुढं सरकून बसली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सिस्टर माझ्या सहकारी होत्या, असं मी गारखेड्यात सांगून आलो. ते अर्धंच खरं आहे. मी त्यांचा पेशंट. सहा वर्षं. आज सकाळची गोळी घेऊनच इथं उभा आहे. आणि मधे बरं वाटलं म्हणून मी ती कुणाला न विचारता सोडली होती... मी. कंपाउंडर.”

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला कंपाउंडर म्हणालो. त्या क्षणी मला वाटलं, आता वरचे पत्रे उडतील, सरपंच खुर्चीवरून पडतील, बाजार उठेल. कुणी हललं नाही. मी खाली बसलो नाही. सरळ आत गेलो, खिडकी उघडली आणि रिकाम्या चौकटीकडं तोंड करून बसलो. बाहेर सभा संपून खुर्च्या वाजत होत्या. आता या खिडकीशी उभं कोण राहतंय, हे बघायचं होतं. सहा वर्षं ज्याला भ्यालो, ते बघायचं होतं.

पहिला आला तो दगडू. त्यानं कोपर खिडकीच्या फळीवर टेकवलं.

“दगडूभाऊ,” मी म्हणालो, “त्या दिवशी माझं चुकलं.”

“द्या गोळ्या,” तो म्हणाला. “तिकडं माल कालवून ठेवलाय, वाळंल.”