मिरचीच्या रानात गेलेले धडे

माघ लागला की रीता मॅडम धास्तावायच्या. त्यांच्या शाळेचं गाव मूल तालुक्यातलं, ढिवरांचं. तळ्याचं पाणी उतरलं, मासोळी सरली, की घरंच्या घरं तेलंगणात मिरची तोडायला निघत आणि पोरंही सोबत जात. गेल्या वर्षी चंदा गेली, ती गावात परतली, पण वर्गात काही परतली नाही. यंदा देवरावची रोशनी निघाली होती. सहावीतली, गणितात कशी तल्लख पोर! हिचंही तसंच झालं तर?

"माय-बाप गेले त मी कोणापाशी राहू, मॅडम? लहान्याले कोण पाहीन?" रोशनी म्हणाली.

मग मॅडमनी मोबाइलवर शोध मांडला. फुकट म्हणून उघडावं, तर मेली साइट आधी कार्डाचा नंबर मागे. दुसरीवर सगळं इंग्रजीत. शेवटी शिक्षकांनीच शिक्षकांसाठी ठेवलेले सहावीच्या गणिताचे धडे सापडले. खाली चक्क लिहिलेलं : घ्या, बदला, वाटा. मॅडमना रडूच फुटलं. अपूर्णांकासाठी त्यात केक कापला होता. आमच्या पोरांना केकाचं काय कौतुक! मॅडमनी तिथं भाकर घातली, आपल्या बोलीत आवाज भरला आणि सगळं देवरावच्या मोबाइलात टाकून दिलं.

"अडलं त फोन करजो," त्यांनी रोशनीला बजावलं.

ती गेली, आणि फोन काही येईना. मॅडमनी लावला तर बंद. हजेरी घेताना तिच्या नावापाशी त्यांची जीभ अडखळे. धडे पुसून गाणी भरली असतील, झालं, असंच मनात येई.

"दिवसभर फोनच पाहून राह्यली तू," नवरा सुनिल चिडवायला गेला, तर त्याच्यावरच खेकसल्या.

होळीच्या तोंडावर देवरावच्या नंबरावरून फोन आला. मॅडमचा जीव भांड्यात पडला.

"रोशनी! कशी आहेस, बाई?"

"मी दीपिका, जी." आवाज अनोळखी, बारीक. "भाकरीच्या धड्यातला शेवटचा हिशोब नाई समजला. आमी पोरी झोपडीत पाहतो. रोशनीताईनं धडे लावून देल्ले. म्हणे, अडलं त मॅडमले विचारा."

मॅडमचा ऊर भरून आला. "गुणाची माही पोर! दे बरं तिले."

"ताई रानात हाये. आता नाई पाहत ते. मोठ्या बायाइवानी मिरची तोडते, त मुकडदमानं तिले पूर्ण मजुरी लावली."

"अन् घरी आल्यावर?"

"हाताची आग होते, जी, तिच्या. जेवली का निजते."

मॅडमना चंदा आठवली. तिचंही असंच झालं असेल, आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही!

"मॅडम, सांगता ना हिशोब?"

"सांगतो, बाई, सांगतो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण पहिले तू मले सांग, तुमची झोपडी कोणत्या गावापाशी हाये?"