हात लावून घ्यायच्या चकत्या

भांडण बापलेकीचं होतं आणि मी जिन्यात अडकले होते. खाली जावं तर मध्ये पडल्यासारखं, वर जावं तर पायऱ्या कुरकुरणार. डोळे मिटता येतात, कान कुठं मिटतात. म्हणून ऐकलं.

"लोक इथं येतात, चकत्या चाचपतात आणि घरी जाऊन फोनवर मागवतात," पुतणी म्हणत होती.

"मागवू दे. फोनला हात आहेत का?"

"हात नसतील. गिऱ्हाईक आहे."

"फोटो बघून चकती घेणं म्हणजे फोटो बघून नवरा करणं."

"तुम्ही आईचा फोटो तरी बघितला होता का, बाबा?"

खाली भाऊजींनी चकत्यांची चवड आपटली. जाऊबाई असत्या तर हसल्या असत्या, पण त्या तोवर वारल्या होत्या.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. खाली त्यांचं दुकान, वर आमचं बिऱ्हाड. आधी चेंडू, रॅकेटी असलं सगळं ठेवायचे. मग वस्तीबाहेरच्या मैदानात डिस्क गोल्फ नावाचा खेळ आला आणि भाऊजी त्यात असे शिरले की बाकीचा माल माळ्यावर गेला. झाडांमधून खांब उभे असतात, खांबाला साखळ्या आणि खाली टोपली. लांबून चकती भिरकवायची आणि कमीत कमी फेकीत टोपलीत पाडायची.

मी एकदा म्हणाले, "त्यात काय, ताटल्याच त्या." भाऊजींनी दोन चकत्या माझ्या हातात दिल्या. रंग तोच, वरचे आकडे तेच.

"दाबून बघा, वहिनी."

एकीची कड जरा नरम होती. दुसरीचं पोट किंचित वर आलेलं.

"ही लवकर खाली बसेल, ती तरंगत जाईल. आता सांगा, फोटोत काय दिसणार?"

त्यांची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाचा पंजा आधी हातात घ्यायचा, हात बघणाऱ्या ज्योतिष्यासारखा. मग डोळे मिटून चकत्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत जायचं आणि एक काढून द्यायची. "ही तुझी." लोक त्यासाठीच यायचे. फोनवर स्वस्त मिळते हे माहीत असूनही यायचे.

पहिल्यांदा मला दिसली ती चप्पल. जिन्याच्या मधल्या पायरीवर एकटीच पडलेली. खाली आले तर भाऊजी गल्ल्याशी उभे, एक पाय चपलेत, दुसरा उघडा, आणि त्यांना पत्ताच नाही.

"एकाच पायाला उकडतंय का, भाऊजी?"

त्यांनी खाली बघितलं. हसले नाहीत. ते हसले नाहीत म्हणून मला बरं वाटलं नाही.

मग पातेल्याचं झालं. चहा उकळत होता, मी सांडशी शोधत होते, तेवढ्यात त्यांनी नुसत्या हातांनी पातेलं उचललं आणि सावकाश ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी बोटांना टरटरून फोड आले.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून दुखत नाही?"

उत्तर द्यायच्या आधी त्यांनी दार लोटून घेतलं. "पोरीला सांगू नका. माझा हात गेला म्हटल्यावर या दुकानात राहिलं काय? बाकीचं सगळं फोनवर मिळतंच."

मी मान डोलावली. तोंडानं हो म्हटलं नाही.

कोपऱ्यावरचा न्हावी जुना गिऱ्हाईक. त्याची लाडकी चकती तळ्यात गेली होती आणि तसलीच दुसरी हवी होती. मी दुकानात बसून भाजी निवडत होते. भाऊजींनी त्याचा पंजा धरला, डोळे मिटले, कडांवरून अंगठा फिरवला. एक चकती खाली पडून गडगडत गेली. दुसरी काढून दिली. "ही तुझी."

मी शेंगेकडे बघत राहिले.

रविवार उलटला आणि न्हावी हसत आला. "भाऊ, पहिलीपेक्षा भारी निघाली. काय हात आहे तुमचा. जरा आमच्या कारागिराला शिकवा, तो माणसांचे कान कापतो."

तो गेला तसे भाऊजी स्टुलावर बसले. "काही कळलं नव्हतं, वहिनी. जी आली ती दिली."

"मग बरंच झालं की."

"हात गेला त्याची भीती नाही एवढी. गेलेला कुणाच्या लक्षात येत नाही, त्याची आहे. मग आधी तरी मला काही कळत होतं का?"

तेव्हापासून दुकानात माणूस शिरला की मी हातातलं टाकून जिन्यात येऊन उभी राहायचे.

पुतणीला मी सांगितलं ते भाऊजी जिना चढताना भिंतीला धरून चढायला लागले तेव्हा. ती रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर गेले.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि बोटांना सुई टोचत विचारलं, "आता कुठं?"

"मधलं," भाऊजी म्हणाले. सुई करंगळीवर होती.

"आता?"

"अंगठा."

डॉक्टरांनी सुई टेकवलीच नव्हती. हात हवेत तसाच धरून ते पुतणीकडे बघत होते. पुतणी भिंतीकडे बघायला लागली.

मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती आणि आतली मोठी नस दाबली जात होती. हातही त्यामुळेच, पायही त्यामुळेच. "ऑपरेशन लवकर करा. गेलेलं परत येईलच असं नाही, पण राहिलंय ते राहील. तोवर पडायचं नाही. साधी ठेचही महागात पडेल."

"मैदानातली स्पर्धा होऊ दे," भाऊजी म्हणाले. "लोक दुकानात येतील. मी नसलो तर कसं दिसेल?"

पुतणीनं वाद घातला नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक चकती ठेवली, वजन लिहिलं, फोटो काढले आणि टाकल्या फोनवर. मला वाटलं आता भाऊजी घर डोक्यावर घेतील. ते नुसते बघत बसले. मागण्या यायला लागल्या. खोकी बांधायला ते बसायचे, पण चिकटपट्टीचं टोक त्यांना सापडायचं नाही. ती न बोलता टोक सोडवून द्यायची.

खोकी कुरिअरच्या दुकानात पोचवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

"मी नेते ना, बाबा."

"तू फोनचं बघ. पायांचं मी बघतो."

आणि खरंच बघायचे. पाऊल टाकताना डोळे पायावर ठेवावे लागायचे, नाहीतर जमीन कुठं आहे ते समजायचं नाही. त्यातच रस्ता नळांसाठी खणलेला, चरावर फळी टाकलेली. ते दिसेनासे झाले की मी खिडकीत उभी. भात लागला तरी खिडकीत उभी.

स्पर्धा झाली. ऑपरेशनची तारीख पुतणीनं घेऊन ठेवली होती. तारीख यायच्या आधीच एका सकाळी भाऊजींना अंथरुणातून उठता आलं नाही. पडले नव्हते, धडपडले नव्हते. झोपेत नुसती कूस बदलली असेल. पाय आहेत का नाहीत, तेच त्यांना सांगता येईना. आजही मागच्या खोलीत पडून असतात आणि मी भरवते.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवशीचं. त्या दिवशी मला दोरा आणायचा होता, म्हणजे नव्हता, पण मी तसं म्हणाले आणि त्यांच्याबरोबर निघाले. खोकी त्यांनी छातीशी धरलेली. फळीवर चढायच्या आधी ते थांबले, पाय बघितला, फळी बघितली आणि पलीकडे गेले. मी मागून, फळीचं टोक पायानं दाबून.

कुरिअरवालीनं खोकी काट्यावर ठेवली. "काका, आत काय?"

"चकत्या."

"फुटण्यासारखं काही?"

"नाही."

तिनं पावती पुढे सरकवली. भाऊजींनी तळवा पावतीवर सपाट ठेवला, ओढत ओढत टेबलाच्या कडेपर्यंत आणली आणि खाली दुसरा हात धरून त्यात पाडली. खिशात घातली, खिसा वरून दाबून बघितला.

"चला, वहिनी," ते म्हणाले. "पोरगी दुकानात एकटी आहे."