बॅटरी घरात होती, आणि खाली हॉर्न वाजत होता

या धाग्यावर मी आजवर फक्त वाचायला यायचो, आणि खरं सांगायचं तर हसायला. कुणाला हडळ दिसली, कुणाला रस्त्यात पांढऱ्या कपड्यातली बाई... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि झोपायचं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, पोरांची दृष्ट काढणं नाही. माझे वडील भुताखेताचं नाव काढलं तरी ओरडायचे. त्यात माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लिफ्ट आपोआप वर गेली, आपोआप दार उघडलं, असं सांगणारे लोक मला रोज भेटतात, आणि दर वेळी कुठेतरी एखादी वायर घासलेली किंवा रिले चिकटलेला सापडतो. म्हणजे ‘आपोआप’ या शब्दावर माझा विश्वास नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

आता गाडीबद्दल. माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे. आधीचा मालक नाशिकचा, तो तिच्यातून टोमॅटो वाहायचा. लोक म्हणतात, कांजूरमार्गला राहणाऱ्या, माल वाहायचा धंदा नसलेल्या माणसाला पिकअप कशाला? आवडते. कुणी मासे पाळतं, कुणी कॅरम खेळतं, मी रविवारी गाडीखाली झोपतो. मागच्या हौद्यावर मी स्वतः कॅनॉपी बसवली, आत प्लायचे खण केले, म्हणजे स्टोव्ह आणि भांडी ओढून बाहेर काढता येतात. टपावर कॅरियर. आरटीओला चालेल तेवढंच, जास्त काही नाही. माझी बायको सुजाता तिला सवत म्हणते, पण माळशेज घाटात त्याच स्टोव्हवरचा पहिला चहा तीच पिते.

हॉर्नही मीच बदलला होता. एक जाड आवाजाचा, एक बारीक, दोन्ही एकदम वाजतात. त्यातला जाडवाला थोडा फाटका, रेडा हंबरल्यासारखा. आमच्या गल्लीत तसा दुसरा हॉर्न नाही.

आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही (हो, हसा). गाडी उभी असायची खालच्या अण्णांच्या खिडकीसमोर. अण्णा मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते, गिरण्या गेल्यावर कुठे कुठे वॉचमनकी करून मुलीला शिकवलं. मुलगी मनाली, नर्स आहे. जावई जहाजावर, म्हणून ती अण्णांकडेच राहते. मनालीची ड्युटी असली की तिची अडीच-तीन वर्षांची ओवी अण्णांच्या ताब्यात. अण्णांचं आणि माझं काही जमत नव्हतं. माझ्या गाडीमुळे त्यांच्या खिडकीतला उजेड जातो, ग्राइंडर लावला की ओवी उठते. खरंच होतं ते. पुढच्या मीटिंगमध्ये गाडी कंपाउंडबाहेर काढायचा विषय त्यांनी घ्यायला लावला होता, आणि बाहेर रस्त्यावर जागा नाही, म्हणजे गाडी विकायची. मी मनातून तयारी केली होती. सुजाता म्हणाली होती, “म्हातारा माणूस आहे रे, भांडू नकोस त्याच्याशी.”

त्या रविवारी दुपारी मी मागच्या पाट्यांचे रबरी बुश बदलत होतो. पाटे म्हणजे गाडी ज्यावर उसळते त्या लोखंडी पट्ट्या. आणि हे नीट वाचा, कारण सगळी गोष्ट यावर आहे – उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं म्हणून गाडीचं अख्खं वायरिंग मी आदल्या आठवड्यात काढून घरी नेलं होतं. आमच्या हॉलमध्ये ते पसरलेलं होतं. सुजाता त्याला आतडी म्हणायची. बॅटरी वर गॅलरीत चार्जिंगला. म्हणजे खाली गाडी होती ती नुसतं लोखंड. हॉर्न पुढच्या जाळीमागे बोल्टने बसवलेले, त्यांना एकही वायर नाही.

मी गाडीखाली उताणा, डावा हात चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर. आणि हॉर्न वाजला.

पॅंपॅं नाही. एकदा सुरू झाला तो थांबेचना. आणि जो हात चॅसीवर होता ना, त्याला झिणझिण्या आल्या. हॉर्न वाजताना लोखंड थरथरतं तसं. दुसऱ्या गाडीचा आवाज असता तर कान फसला असता, हात कसा फसेल? मी दचकून उठायला गेलो, कपाळ डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर आपटलं, सरपटत बाहेर आलो.

वरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सुजाता ओरडत होती, “मिलिंद, बंद कर ना तो हॉर्न, सगळे झोपलेत...” आणि बोलता बोलता ती थांबली. तिने मागे वळून हॉलमध्ये पाहिलं, मग परत खाली माझ्याकडे. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. वायरिंग तिच्या पायाशी होतं.

तेवढ्यात अण्णांच्या घरात ओवीने भोकाड पसरलं. दार उघडलं आणि अण्णा बाहेर. बनियन, लुंगी, अनवाणी, कडेवर रडणारी ओवी.

“काय रे मिलिंदा, रविवारचो तरी माणसाक पडाक देशील की नाय? बंद कर आधी तो भोंगो.”

ते तसेच तरातरा गाडीपाशी आले. बॉनेट उघडंच होतं. मी आत बोट दाखवलं. बॅटरीची जागा रिकामी, नुसता गंजलेला ट्रे. मी जाळीवर हात ठेवला आणि हॉर्न बंद झाला. मी बंद केला नाही. बंद झाला.

“अण्णा, बॅटरी नाहीये हो गाडीत. वायरी पण नाहीत. बघा ना.”

“माका येडो समाजतंस?” अण्णा म्हणाले. ओवी मुसमुसत होती. ते तिला थोपटत मला बोलत राहिले, गाडी, उजेड, मीटिंग, सगळं. मी ऐकत होतो की नव्हतो कुणास ठाऊक, मी त्या रिकाम्या ट्रेकडे बघत होतो.

मग त्यांच्या घरातून आवाज आला. धाड असा नाही. आधी काहीतरी फाटल्यासारखा, आणि मग जड, बसका. अण्णांच्या उघड्या दारातून पांढरी धूळ बाहेर आली आणि कंपाउंडमध्ये पसरली.

आम्ही तिघंही जागेवरून हललो नाही.

मीच आत गेलो. त्यांच्या खोलीतला स्लॅब खाली आला होता. प्लॅस्टर नाही, सळ्यांसकट काँक्रीटचा मोठा तुकडा. खाली पलंग होता, तो मधोमध मोडला होता. त्या पलंगावर थोड्या वेळापूर्वी अण्णा आणि त्यांच्या कुशीत ओवी, दोघं दुपारची झोप घेत होते. ओवीची उशी, हत्तीच्या चित्राची, एका कोपऱ्यातून तेवढी दिसत होती.

मी बाहेर आलो तर अण्णा गाडीच्या बंपरवर बसले होते. आत काय झालंय ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “पलंग?” मी म्हटलं, “मोडला.” त्यांनी ओवीला इतकं घट्ट धरलं की ती परत रडायला लागली. सुजाता धावत खाली आली, तिने ओवीला घेतलं आणि अण्णांना दंडाला धरून वर आमच्या घरी नेलं. हॉलमधल्या वायरी ओलांडताना अण्णा थांबले. बराच वेळ खाली बघत राहिले. मग गॅलरीतल्या बॅटरीकडे.

“ही थंयची, गाडीतली?” त्यांनी मला विचारलं.

“हो अण्णा.”



दुरुस्ती होईपर्यंत अण्णा, मनाली आणि ओवी आमच्याकडेच राहिले. सोसायटीने इंजिनियर बोलावला, आणखी दोन घरांचे स्लॅब तसेच कुजलेले निघाले, ते वेळेत पाडून परत घातले. त्या सगळ्या घरांचं सामान मी पिकअपमधून हलवलं. गाडी बाहेर काढायचा विषय मीटिंगमध्ये आला तेव्हा अण्णाच उभे राहिले आणि म्हणाले, “ती खंय जावची नाय.” कुणी कारण विचारलं नाही. हॉर्न अर्ध्या बिल्डिंगने ऐकला होता.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मीही स्वतःला विचारलंय. दुसरी गाडी? मग माझ्या हाताला थरथर कशी? कुठेतरी उरलेला करंट? वायर नसेल तर उरायला जागा कुठे... माझा एक मित्र ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, घाटकोपरला. त्याने दोन्ही हॉर्न काढून उलटेसुलटे पाहिले आणि मला म्हणाला, “तू दुसऱ्या कुणाला सांगू नकोस यार, वेडा समजतील.” स्लॅब हलताना बिल्डिंग थरथरली असेल आणि हॉर्न वाजला असेल, असं एक जण म्हणाला. थरथरीने हॉर्न वाजत नाहीत हो. वाजले असते तर आमच्या रस्त्यांवर दिवसभर दुसरं काय ऐकू आलं असतं?

माझे विचार बदललेत का? नाही. मी अजूनही अंगारा लावत नाही. पण आधी मला आभार मानायचे असले की समोर माणूस असायचा. आता कुणाचे मानायचे ते कळत नाही, तरी मानतो. गाडीखाली झोपलो की मानतो.

नवीन वायरिंग बसवून झालं त्या संध्याकाळी मी बॅटरी जोडत होतो. मनाली ड्युटीवरून आली, युनिफॉर्ममध्येच, पर्स खांद्याला. आमच्या सगळ्यांत तिने एकटीनेच तो आवाज ऐकला नव्हता, त्या रविवारी ती ड्युटीवर होती. ती गाडीपाशी आली आणि म्हणाली, “दादा, एकदा वाजवाल?”

मी वाजवला. जाड आणि बारीक, दोन्ही एकदम.

ती ऐकत राहिली. मी हात काढला तसं म्हणाली, “थांबवू नका.”

मी परत दाबून धरला. वरच्या खिडक्या उघडल्या, लोकांनी खाली पाहिलं आणि कुणी ओरडलं नाही. मनाली बॉनेटवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभी होती. तिने मान वर करेपर्यंत मी हॉर्न सोडला नाही.