म्हशीच्या मोलाचा फोन

सहदेव दलालानं म्हैस विकून फोन घेतला. फोन जळगाव जामोदहून एस.टी.नं यायच्या आत बातमी गावात येऊन बसली होती. सहदेव फाट्यावर उतरला तेव्हा पाच-सात माणसं उभी होती. फोन पाहायला नाही, त्याचं तोंड पाहायला.

सहदेव बैलांचा दलाल. बैलाचं वय दातांवरून कळतं. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात. दोन आले की बैल दोनदाती, चार आले की चारदाती, अन् आठही आले की 'जुळला', म्हणजे त्याचा भाव उतरणीला लागला. गिऱ्हाईक तोंड दाखव म्हणतंच, अन् सहदेवनं नाही कधी म्हटलं नाही. एका हातानं नाक धरायचा, दुसऱ्यानं खालचा ओठ ओढायचा, "पाह्य, चारदाती हाये," म्हणायचा अन् ओठ सोडून द्यायचा. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला जीभ दिसायची. सहदेव फार खोटं बोलायचा असं नाही, घाईत बोलायचा.

पण बाजारात माणूस कमी झाला. जोड्या फोनवरच्या ग्रुपात विकल्या जाऊ लागल्या, अन् सहदेवच्या जुन्या फोनातून काळा बैल अंधारासारखा दिसायचा, पांढरा कापसाच्या गंजीसारखा. दुकानदारानं त्याला एक लाख अठरा हजारांचा फोन दाखवला अन् म्हणाला, "काका, यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं. वंदना भाकर थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"चंद्र इकाले काढला का तुमी?"

"धंद्याचं हत्यार हाये ते. तुले नाई समजत."

"म्हैस बी धंद्याचीच होती. दोन टाइम दूध देत होती, अन् तिले भितीच्या बटनाले लावून ठेवा लागत नोतं." तिनं भाकर तव्यावर टाकली. "पोळ्यापर्यंत दारात म्हैस पाह्यजे. नाई आली, त हा फोन इकाचा अन् तुमी मह्या भावाच्या दुकानात पोते उचलाले जाचं."

साळ्याचं दुकान खत-बियाण्याचं. सहदेवनं उभ्या जन्मात रुमालापेक्षा जड काही उचललं नव्हतं. पोळ्याला अडीच महिने होते.

पहिलं काम किसनरावांच्या जोडीचं मिळालं. किसनराव सत्तरीचे, जोडी त्यांच्याच तोलामोलाची. सहदेवनं बैल धुतले, शिंगांना तेल लावलं. तरी बैल मान वर करीनात. मग किसनराव हिरव्या मक्याची पेंडी घेऊन सहदेवच्या शेजारी उभे राहिले. पेंडी पाहिल्याबरोबर बैलांनी कान टवकारले, डोळे ताणले, अन् सहदेवनं फोटो काढला. मग किसनरावांना ओठ ओढायला लावून तोंडाचाही काढला, नेहमीच्या घाईनं. खाली लिहिलं, "चारदाती, तेज, एक लाख दहा," अन् दिला ग्रुपात सोडून.

अर्ध्या तासात फोन वाजला.

"दलाल का? मी दुसरबीडहून माणिकराव बोलतो. फोटो लई झकास आलाय बघा."

"फोनच तसा हाये भाऊ," सहदेव खुशीत म्हणाला.

"हो ना. मी बोटांनी मोठा करत गेलो, करत गेलो. दात मोजले. आठ हाईत."

सहदेव खोकला.

"शिंगाला तेल लावलंय, पण त्यावरच्या वर्षावर्षाच्या वळ्या बी मोजता आल्या. त्या बी काही कमी नाहीत."

"उन्हानं तसं दिसते कधी कधी."

"असंल. पण डाव्या बैलाच्या डोळ्यात एक म्हातारा दिसतो. पांढरी टोपी, हातात मक्याची पेंडी. तो कोण?"

सहदेवनं फोटो उघडला अन् मोठा केला. बैलाच्या काळ्याभोर डोळ्यात किसनराव उभे होते, टोपीसकट, पेंडीसकट. बाजूला सहदेव स्वतः, फोन धरून, तोंड उघडं टाकून. वीस वर्षांच्या हातचलाखीचं एवढं साफ चित्र त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मालक हायेत ते," तो म्हणाला.

"मग तेज काय हाय, बैल का पेंडी?"

सहदेवनं फोटो परत लहान केला. त्याला पोती दिसू लागली.

"परवा येतो मी," माणिकराव म्हणाले.

"काऊन?"

"मला जुळलेलेच पाहिजेत. दोन एकर खडकाळ रान हाय, तिथं चारदाती पोरकट बैल नुसते उड्या मारतात. अन् दुसरं असं, आपली लबाडी इतकी स्वच्छ फोटो काढून पाठवणारा दलाल मी पाहिला नव्हता. असा माणूस एक तर खरा असतो, नाही तर भोळा. मला दोन्ही परवडतात."

ते पिकअप घेऊन आले. भाव ठरवायला रुमालाखाली हात गेले, बोटं दाबली गेली, अन् जोडी बहात्तर हजाराला सुटली. किसनरावांनी पैसे घेतले, पण सहदेवला सोडलं नाही.

"तुले बैल इकाले सांगतले होते बे, त्यायची साक्ष काढाले नाई."

ही गोष्ट त्यांनी चार गावांत केली. त्यानंतर सहदेवला कोणी जोडी दाखवीना. तो गोठ्याकडे वळला की माणसं म्हणायची, "फोन घरी ठेवून ये, मंग बोलू." फोन घरी ठेवला तर एक लाख अठरा हजार घरी बसत होते. साळ्यानं तर विचारूनही घेतलं, दाजी, पोती पाठीवर नेता का डोक्यावर.

तेवढ्यात माणिकरावांचाच निरोप आला. त्यांच्या भाच्याला, गोपालला, बाजारातून जोडी घ्यायची होती. "तुम्ही नुसते संगं फिरा, फोन घेऊन. भाव जेवढा उतरंल त्यातला निम्मा तुमचा."

सहदेवनं आयुष्यभर विकणाऱ्याच्या बाजूनं उभं राहून काढलं होतं. त्या दिवशी तो दोन पावलं सरकून घेणाऱ्याच्या बाजूला उभा राहिला, एवढंच. काय काय लपवतात हे त्याला शिकवायला नको होतं. तो नेमका तिथंच फोन धरायचा. दात मोठे करून दाखवायचा, वशिंडावर रंगवलेले केस दाखवायचा, अन् मालकाला आदरानं विचारायचा, "भाऊ, हे काय हाये?" आठ दिवसांत बोलावणी यायला लागली. बाजारात सहदेव दिसला की काही जण आपल्या बैलाचं तोंड दावणीकडे वळवून उभे राहायचे.

पोळ्याच्या चार दिवस आधी म्हैस दारात आली. मागच्या म्हशीइतकं दूध देत नाही, असं वंदना म्हणते. सहदेवनं म्हशीचे दात फोनमधून नीट पाहून घेतले होते. दूध फोनात दिसत नाही.

त्याच सांजेला वंदना धार काढत होती अन् सहदेव दाराशी बसून बाजारातली मजा सांगत होता.

"आज एस.टी.त फोनावर कुस्त्या पाहत गेलो, बाजारात पोचलो त फोन मेलेला. गिऱ्हाईक संगं होतं, सांगू कसं? मी तसाच बैलाच्या तोंडासमोर धरला. काळी काच नुसती. मालकानं मह्याकडे पाह्यलं, फोनाकडे पाह्यलं, अन् आपल्या तोंडानं चार हजार कमी केले. मी एक शब्द नाई बोललो."

"बंद फोन होता?"

"बंद."

वंदनानं बादली बाजूला सरकवली.

"मंग बंदच घ्याचा होता. दुकानदारानं दीड-दोन हजारात देल्ला असता."