देवमन सरांचं ‘तुमी’

देवमन सर वर्षालीला ‘तू’ म्हणायचे आणि मला ‘तुमी’. यात पोटात दुखण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. माझ्या मात्र दुखायचं, आणि चांगलंच दुखायचं.

अमरावतीत राजापेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सरांचं ऑफिस. कापूस, तूर, संत्रा यांच्या व्यापाऱ्यांसाठी तिथे सॉफ्टवेअर तयार होतं. सर मूळचे रिद्धपूरजवळचे, घरचा फुलांचा मळा. कॉलेज अर्धवट सोडून शहरात आले आणि दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरांवर स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. खिशात कायम बडीशेपेची पुडी. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. खुर्ची ओढून शेजारी बसायचे, पडद्यावरच्या एका ओळीकडे बोट करायचे आणि विचारायचे, “हे काहून?”

म्हणजे वर्षालीच्या शेजारी बसायचे. ती अचलपूरची, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली.

“ही ओळ काहून लिवली व तू?”

“सर, तिच्याशिवाय चालत नव्हतं.”

“चालत नव्हतं ते काहून? माहीत नसन तं शोध. मी बसलो हाय.”

आणि खरोखरच बसून राहायचे. खाली पेशंट ओरडू देत, फोन वाजू देत. कधी कधी ती रडकुंडीला यायची, मग एकदम तिला उत्तर सापडायचं आणि दोघंही बडीशेप खायचे. मी पाठमोरा बसून सगळं ऐकायचो. कुणी बोलणी खातंय याचाही हेवा वाटू शकतो, हे मला तिथे कळलं.

माझं काम ते उभ्याउभ्याच पाहायचे. “बरं हाय. तुमी पुन्याचे, तुमाले का सांगाव?”

पुण्याचा मी कुठला, अकोल्याचा. पुण्यातल्या कंपनीत नोकरी तेवढी केली. तिथे कुणी कुणाच्या शेजारी बसत नसे. इकडून उचलायचं, तिकडे चिकटवायचं, चाललं की पुढे. पगार वाढत गेला आणि आपल्याला खरं तर काही येत नाही, हेही मला कळत गेलं. पुणं का सोडलंस असं आईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, घर जवळ पडतं. खरं कारण देवमन सर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस कुठेही अडत नाही, असं ऐकून होतो. इथे नाही शिकलो तर जन्मभर असाच चिकटवत राहणार, ही धास्ती होती. आणि येऊन पाहतो तर शिकवणी शेजारच्या टेबलावर.

एकदा मी मुद्दाम चूक करून पाहिली. बेरजेच्या जागी वजाबाकी. आता तरी खुर्ची ओढतील म्हणून मी शेजारच्या खुर्चीवरची माझी बॅगही उचलून ठेवली. सर आले, वाचलं, स्वतःच्या टेबलाशी गेले आणि गुपचूप दुरुस्त करून टाकलं.

“बारीकच होतं. तुमी मनाले लावू नका.”

त्या दुपारी वर्षालीने डबा पुढे केला. मला भूक नाही, असं तिला सांगून मी खिडकीतून खाली पाहत बसलो. तिचा काही दोष नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

मग वरूडच्या ओमप्रकाश शेठचं काम आलं. शेठ बगीच्यांतला झाडावरचाच माल विकत घेतात, संत्रा पॅक करून बाहेर पाठवतात. त्यांच्या मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. सर म्हणाले, “बरं हाय.” हिवाळा पार पडला. फेब्रुवारीत शेठचा फोन आला, तो सरांनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“सर, मृगाचा माल लिवला, तं त्याच बगीच्याचा आंबिया गायब झाला.”

संत्र्याला दोन बहार. एकाच बगीच्यात काही झाडांवर आंबिया धरतात, काहींवर मृग. मी बगीच्याला वर्षाचं एकच पीक धरलं होतं. दुसरं लिहिलं की पहिलं पुसलं जात होतं. सरांनी शेठची समजूत घातली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“तुमची चूक नाही. मीच बराबर पाह्यलं नाही.”

त्या ‘तुमची’ने माझं डोकंच फिरलं. “सर, हे वर्षालीनं लिहिलं असतं तर?”

“तिले बसवलं असतं.”

“मंग मले काहून नाही बसवत?” माझ्या तोंडून अकोला बाहेर पडला.

सरांनी पुडी काढली, न उघडताच परत खिशात ठेवली. मग म्हणाले, “तुमी मोठ्या कंपनीतले. मी विचारलं, तुमी सांगतलं, आन मलेच समजलं नाही तं? म्हनून बरं हाय म्हनत गेलो.”

“सर, मले काहीच येत नाही.” हे वर्षालीसमोर म्हणायचं नव्हतं. पण म्हणालो.

सरांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. ओळीकडे बोट केलं.

“सालाले एकच पीक. काहून?”

“सगळीकडे असंच असते, सर.”

“हे उत्तर नाही होत.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. सर हलले नाहीत. असं काही कुठे पाहून लिहिलं होतं का, तेही आठवेना. मग हळूहळू लक्षात आलं.

“आमच्या वावरात कपाशी असते, सर. सालाले एकच. मी तेच धरून चाललो.”

“हां. आता मुद्द्यावर आला तू. पुढं सांग.”

मी सांगू लागलो. तेवढ्यात पलीकडून वर्षाली म्हणाली, “सर, माह्यं झालं. पाहता काय?”

“थांब व. याचं होऊ दे,” सर मान न वळवता म्हणाले.

वर्षालीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली.