पंचामृतातलं कच्चं दूध

सत्यनारायणाच्या पंचामृतात मी कच्चं दूध घातलं आणि ते बाबांना पाजलं.

बायकोने पिशवीचं दूध तापवून, गार करून ठेवलं होतं. नाक मुरडलं ते मी. "देवाला तापवलेलं दूध? आमच्या वाडीत गाय होती तेव्हा..." एवढं ऐकून ती आत निघून गेली. मी किटली घेऊन तबेल्यावर गेलो आणि गड जिंकल्यासारखा परतलो. भटजींनी कौतुक केलं. मी फुगलो. बाकीच्यांनी पळीभर तीर्थ घेतलं. बाबांनी वाटी भरून घेतली आणि वर आणखी एक मागितली.

पुढच्या आठवड्यात बाबा माणिकपूरला इस्पितळात. ताप, जुलाब, त्यात रक्त. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, ताप हटेना.

"जंतू चिवट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. आता एक उरलंय, ते देऊ."

"आणि ते नाही लागू पडलं तर?"

त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी दुधाचं सांगितलं. "दुधातूनच आलं असं मी ठामपणे म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण या वयाच्या माणसाला कच्चं दूध कशाला?"

बाबा डोळे उघडत नव्हते. मी तडक तबेला गाठला. एका म्हशीच्या कासेचा सड सुजून टणक झाला होता, शेजारी अँटिबायोटिकची रिकामी ट्यूब पडली होती आणि तिचंच दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये चाललं होतं.

"हिला औषध चालू आहे ना? मग हे दूध विकता कसं?"

"मग काय गटारात ओतू?" तबेलेवाला म्हणाला. "उकळलं की सगळं जातं, काका."

"जंतू जातात! औषध कुठे जातं? आणि हे दिलं कोणी, जनावरांच्या डॉक्टरने?"

"दुकानात मागितलं की मिळतं."

मागितलं की मिळतं! कासेत मनाला येईल तेवढं औषध भरायचं, सूज उतरली की बंद करायचं, त्यातून तगलेले जंतू आमच्या घरात पाठवायचे. दुकानदार विचारत नाही, तपासणारा फिरकत नाही, आणि माझा बाप सलाइनवर. मी इतका ओरडलो की म्हैस बिथरली. घाम पुसायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर अँटिबायोटिक गोळ्यांची अर्धी पट्टी बाहेर आली. सर्दीसाठी मेडिकलवाल्याकडून मीही अशीच मागून घेतली होती, आणि नाक मोकळं होताच सोडून दिली होती. ती घाईघाईने परत कोंबली आणि आणखी मोठ्याने ओरडलो.

शेवटचं औषध लागू पडलं. ताप उतरला, बाबांनी पेज मागितली. मी पलंगाशी बसून तबेल्यावरचं भांडण रंगवून सांगितलं, पट्टीचा भाग गाळून. बाबांनी सगळं ऐकलं, चमचा खाली ठेवला.

"पुढच्या पूजेला तू फक्त नारळ फोड," ते म्हणाले. "तोही बायकोला विचारून."