अर्ध्या इंचाचं सॉकेट आणि दोन व्याही

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावात पुढारी दोनच होते, आणि ते एकमेकांचे व्याही होते. एक दूध संस्थेचे चेअरमन, दुसरे व्हाइस चेअरमन. मी संस्थेचा सचिव. दोघांचं भांडण पुढच्या रांगेत बसून बघायचं आणि वर पगार घ्यायचा, अशी सुखाची नोकरी.

संस्थेच्या बोअरचं पाणी इतकं खोल गेलं होतं, की मोटर नुसती गुरगुरायची. चेअरमननी एक जुना कॉम्प्रेसर आणवला. बोअरमध्ये हवा सोडली की तिच्या जोरानं तळाचं पाणी वर येऊन हौदात पडणार होतं. म्हशीवाल्यांनी मात्र साफ सांगितलं होतं, आज दिवस मावळेपर्यंत हौदात पाणी दिसलं नाही, तर उद्या म्हशी पाटोद्याकडच्या चारा छावणीत. म्हशी गेल्या की दूध गेलं, आणि दूध गेलं की संस्थेला कुलूप.

कॉम्प्रेसर आला, हवेचा रबरी पाइप आला, पण दोघांना जोडणारं सॉकेट कुठंतरी राहिलं. कॉम्प्रेसरच्या तोंडाला आणि पाइपाच्या टोकाला बाहेरून सारखेच आटे होते. ते कितीचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चेअरमननी शिंप्याची टेप मागवली, आट्यांवर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला. "पाऊण इंचाला जरा वर. म्हंजी पाऊणचं सॉकेट."

मोटारसायकलवर नांदूरघाटला जाऊन त्यांनी ते आणलं आणि सगळ्यांसमोर आट्यांवर चढवलं. ते बांगडीसारखं सरकलं आणि लोंबकळत राहिलं.

सावलीत बसलेले व्हाइस चेअरमन म्हणाले, "आमच्या सुनंला द्या. माहेरचा दागिना म्हणून घालंल."

"दुकानदारानं मोठं दिलं."

"तुमी मागितलं कावून मोठं?"

"तो अर्ध्याचं दाखवत होता, व्याही. पण डोळ्याला पाऊण दिसतंय, तर अर्ध्याचं कसं घ्यावं? मी काय येडा हाय?"

व्हाइस चेअरमननी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. व्याह्यांच्या नात्याला तेवढी मर्यादा असते.

दुपार कलली. म्हशीवाले दावी सोडायच्या गोष्टी करू लागले. तेवढ्यात व्हाइस चेअरमनना राहवलं नाही. "अर्ध्याला नावं ठेवू नगा. माझ्या नव्या बाथरूमचा नळ अर्ध्याचाच हाय."

ते बाथरूम गावातलं पहिलं. पाहुण्यांना आधी ते दाखवायचे, मग चहा.

"एवढा जाड नळ अर्ध्याचा? मग तुमाला फसवलं," चेअरमन खुशीत म्हणाले. "चला, मोजूनच दावतो."

संस्थेचं काय व्हायचं ते होवो, व्याही फसलेला बघायला सगळं गाव बाथरूमच्या दारात जमलं. पाणी नव्हतंच, त्यामुळे नळ काढायला कुणाची हरकत नव्हती. चेअरमननी तो फिरवून बाहेर काढला आणि त्याच्या आट्यांवर टेप धरली.

"पाऊणला जरा वर! अर्धा म्हणून पाऊण खपवला बघा." मग तेच पुन्हा, पण हळू. "पाऊणला... जरा वर."

पाइपवाले ज्याला अर्धा म्हणतात तो बाहेरून मोजला तर पाऊणच्या पुढं जातो, हे आमच्या गावाला त्या बाथरूममध्ये कळलं. चेअरमन आता भिंतीतल्या पाइपावरच्या, नळ काढून रिकाम्या झालेल्या सॉकेटकडं बघत होते.

"व्याही."

"न्हाई."

"मी अजून काय बोललो न्हाई."

"सॉकेटकडं बघून बोलताय. उद्या नांदूरघाटचं आणा."

"उद्या म्हशी न्हाईत. तुमच्या बी न्हाईत."

व्हाइस चेअरमन नळ घेऊन आत गेले. मग घरातून पान्हा घेऊन आले. "मीच काढणार. तुमी टेप धरा, तेवढंच येतंय तुमाला."

सॉकेट कॉम्प्रेसरच्या आट्यांवर हातानंच सुरळीत फिरत गेलं. मग ते काढून, हवा गळू नये म्हणून दोन्हीकडच्या आट्यांना सुतळी आणि सफेदा लावला आणि पान्ह्यानं आवळलं. कॉम्प्रेसर घुमला, बोअर खोकली, आधी गाळ थुंकली, आणि मग पाणी ठसक्या-ठसक्यानं हौदात पडू लागलं. पहिलं तोंड घातलं ते व्हाइस चेअरमनच्याच म्हशीनं. छावणीचं नाव त्या संध्याकाळी कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमन नांदूरघाटहून अर्ध्याचं नवं सॉकेट आणून बाथरूमसाठी व्याह्यांना द्यायला गेले. व्याह्यांनी ते तसं घेतलं नाही. सुनेकडून टेप मागवली, सॉकेटच्या तोंडावर धरली आणि एक डोळा मिटला.

"पाऊण भरतंय," ते म्हणाले. "म्हंजी अर्ध्याचंच हाय. ठिवा."